खाडीतल्या जिताड्यासाठी बुडी मारणारी, वळवळणारी फ्लाय घरी कशी बनवावी

ओहोटी लागली की खाडीकाठच्या चिपी-तिवरांच्या मुळांत दडलेली बोयांची पिल्ले पाण्याबरोबर बाहेर पडू लागतात आणि त्यांची वाट पाहत जिताडा मुळांच्या तोंडाशी जवळजवळ निश्चल उभा असतो. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात आणि मालवणाकडे चोणक, तो हा मासा सरळ रेषेत पोहणाऱ्या निरोगी पिल्लापेक्षा धडपडणाऱ्या, खाली जाऊन पुन्हा वर येणाऱ्या पिल्लावर अधिक सहज झडप घालतो. ही धडपड करणारी, तोंडाशी पारदर्शक पट्टी बसवलेली आमिषे दुकानांत भरपूर मिळतात. परंतु ती साध्या रॉडसाठी बनवलेली असतात आणि फ्लाय रॉडच्या कामाची नसतात; फ्लाय रॉडला लागते ती फ्लाय, म्हणजे गळावर केस, पिसे वगैरे दोऱ्याने बांधून केलेले अगदी हलके आमिष. म्हणून ज्याला फ्लाय रॉडने गरवायचे आहे आणि तरीही अशी वळवळ हवी आहे, त्याला ती स्वतःच्या हाताने बनवावी लागते. सामान बहुतेक भंगारातले आहे आणि हात बसला की एका फ्लायला तासभर पुरतो.

प्रथम वजनाचा विचार करावा, कारण नवशिक्याच्या बहुतेक चुका तेथेच होतात. साध्या गरवणीत आमिषाचे वजन आपल्यामागे तंगूस ओढून नेते. फ्लाय फिशिंगमध्ये याच्या उलट जाड लाइनचे वजन आमिषाला ओढून नेते. जिताड्यासाठी सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या ८ क्रमांकाच्या लाइनचा पहिला ३० फुटांचा भाग प्रमाणानुसार २१० ग्रेन, म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम भरतो आणि ९ क्रमांकाच्या लाइनचा २४० ग्रेन, म्हणजे सुमारे १५.५ ग्रॅम. दुकानातले १५ ग्रॅमचे आमिष या लाइनला बांधणे म्हणजे बैलाच्या वजनाची गाडी बैलाला हवेतून ओढायला लावण्यासारखे आहे. मी स्वतःसाठी घातलेली मर्यादा अशी आहे की फ्लाय कोरडी असताना दोन ग्रॅमच्या आत आणि पाण्यात भिजवून झटकल्यावर तीन ग्रॅमच्या आत असावी. दागिने तोलण्याचा छोटा डिजिटल काटा यासाठी अवश्य घ्यावा. केवळ हातात धरून केलेला अंदाज दर वेळी फसवतो.

आता वळवळ कशी निर्माण होते ते पाहू. फ्लायच्या तोंडाखाली पुढे-खाली झुकलेली एक पातळ पट्टी असते. तिला मी जीभ म्हणतो. फ्लाय ओढली की समोरचे पाणी या जिभेच्या वरच्या पृष्ठभागावर आदळते आणि तोंड खाली दाबले जाते, म्हणून फ्लाय बुडी मारते. हेच पाणी जिभेच्या डाव्या-उजव्या कडांवरून आळीपाळीने भोवरे करून सुटते, त्यामुळे डोके एकदा इकडे आणि एकदा तिकडे ढकलले जाते. डोक्याचा हा थरथराट मागच्या मऊ केसांत उतरला की माशाची हालचाल तयार होते. जीभ शरीराच्या रेषेकडे जितकी झुकलेली, तितकी बुडी खोल आणि वळवळ बारीक. जितकी उभी, तितकी बुडी उथळ आणि वळवळ रुंद. खाडीतल्या कमरेइतक्या पाण्यासाठी गळाच्या दांड्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन पुरेसा ठरतो.

जिभेला साहित्य कोणते, या प्रश्नावर मी बराच काळ घालवला आहे. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक फार पातळ असते; ते ओढताना दुमडते आणि वळवळ बंद पडते. जुनी सीडी चांगल्या पॉलीकार्बोनेटची असते, पण तिची जाडी १.२ मिलिमीटर म्हणजे आपल्या कामाला दुप्पट. डीव्हीडी मात्र जणू याच कामासाठी बनवल्यासारखी आहे: ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून बनवलेली असते. कडेच्या सांध्यात धारदार पाते हलकेच घालून फिरवले की त्या दोन चकत्या सुट्या होतात. चमकदार थर राहिलाच तर चिकटपट्टी लावून उपटावा आणि रंगाचा डाग उरला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. नेलपॉलिश काढण्याचे द्रव किंवा थिनर कधीही लावू नये. पॉलीकार्बोनेट त्याने पांढरे पडते आणि त्याला तडे जातात. भंगारातून आमिषे घडवण्याची ही रीत काही नवी नव्हे. फिनलंडच्या लौरी रापाला यांनी १९३६ मध्ये आपले पहिले आमिष बुचाच्या लाकडातून कोरले, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला होता. त्यांच्यापुढे डीव्हीडी असती तर त्यांनी ती सोडली नसती.

डोक्यासाठी हलका, पाणी न पिणारा फोम लागतो आणि पावसाळा संपता संपता कोकणच्या कोणत्याही किनाऱ्यावर एकेका पायाच्या चपलांची कमतरता नसते. मात्र सगळ्या चपला सारख्या नसतात. जुन्या धाटणीच्या रबरी चपलेचा तळ जड असतो. नव्या हलक्या स्लिपरचा ईव्हीए फोम उपयोगी पडतो. निवडलेला तुकडा रात्रभर दगडाखाली पाण्यात दाबून ठेवावा आणि सकाळी तोलावा. वजन वाढले नसेल तरच तो घ्यावा.

शेपटीसाठी बकऱ्याचे लांब केस उत्तम. खाटकाकडून मिळालेली कातडीची पट्टी मीठ लावून सुकवावी, साबणाच्या पाण्यात धुवावी आणि डांबराच्या गोळीसह डब्यात ठेवावी, नाहीतर किडे महिन्याभरात तिचा भुगा करतात. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसेही चालतात. चमकीसाठी आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांतल्या चार-सहा पट्ट्या पुरतात. जास्त घातल्या तर मासा बिचकतो असा माझा अनुभव आहे. परदेशी पद्धतीच्या पुस्तकी कृतींमध्ये अशा बुडीच्या फ्लायचे डोके हरणाच्या केसांचे केलेले असते. आपल्याकडे सांबर आणि चितळ हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, तेव्हा कोणी जुन्या शिकाऱ्याच्या घरचे कातडे देऊ केले तरी त्याला हात लावू नये. फोमचे डोके तसेही अधिक टिकाऊ असते, त्यामुळे यात काही गमावल्यासारखे नाही.

याशिवाय खाऱ्या पाण्यात न गंजणारे १/० आकाराचे लांब दांड्याचे गळ, शिलाईचा मजबूत पॉलिएस्टर दोरा, फेव्हिक्विक, दोन नळ्यांचा इपॉक्सी, जाड तंगूस, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली बारीक तांब्याची तार आणि गळ धरायला लहान शिकंजा एवढे सामान हाताशी ठेवावे. फ्लाय बांधायचा खास शिकंजा नसेल तर टेबलाला घट्ट बसणारा घड्याळजीचा छोटा शिकंजाही निभावून नेतो.

बांधायला बसण्यापूर्वी जीभ कापून ठेवावी. कागदाची पट्टी मधोमध दुमडून त्यावर अर्धी आकृती काढावी आणि दुमडलेल्या अवस्थेतच कापावी, म्हणजे उलगडल्यावर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात. आकृती लहान चमच्यासारखी असावी: पुढचा गोलसर भाग ११ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर लांब, मागची दांडी ४ मिलिमीटर रुंद आणि ९ मिलिमीटर लांब. हा साचा प्लास्टिकवर चिकटवून बारीक कात्रीने थोडे बाहेरून कापावे आणि रेघेपर्यंत कानसने उतरावे. जुनी डीव्हीडी थंड असताना कापल्यास कधी कधी तडकते. ती पाच मिनिटे कढत पाण्यात ठेवून कापावी. शेवटी दांडी आणि गोल भाग जेथे मिळतात तेथे चपट्या पकडीने धरून जीभ वाकवावी. पॉलीकार्बोनेट थंडही वाकते, मात्र सोडल्यावर थोडे परतते, म्हणून हवा त्यापेक्षा दहा-पंधरा अंश अधिक वाकवावे. मेणबत्तीवर तापवण्याचा मोह टाळावा. त्यात बुडबुडे येतात आणि जीभ काळी पडते.

आता गळ शिकंज्यात वाकाशी पकडावा, त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा आणि नेढ्यापासून दोन मिलिमीटर सोडून वाकापर्यंत दोऱ्याचा एक दाट थर गुंडाळावा. उघड्या दांड्यावर बांधलेली कोणतीही गोष्ट फिरते, त्यामुळे हा थर वगळू नये. वाकाच्या सुरुवातीला जाड तंगुसाचा एक छोटा फास मागे दीड सेंटिमीटर निघेल असा आडवा बांधावा. हा फास शेपटीच्या केसांना खालून आधार देतो. तो नसेल तर फेकताना केस गळाच्या वाकाभोवती अडकतात आणि अशी गुंतलेली फ्लाय पाण्यात कागदाच्या बोळ्यासारखी ओढली जाते. त्यावर केसांची पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची जुडी बांधावी. केसांची लांबी दांड्याच्या दुपटीहून अधिक नको. नवशिक्याचा हात येथे नेहमी सैल सुटतो आणि जुडी झाडूएवढी होते. दाट शेपटी जिभेची थरथर गिळून टाकते. जुडी बांधल्यावर ती जास्त विरळ वाटली तर ती बरोबर आहे असे समजावे. चमकीच्या पट्ट्या दोन्ही अंगांना सारख्या वाटून घालाव्यात.

यानंतर तांब्याची तार. फोम वर आणि वजन खाली असेल तरच फ्लाय पाण्यात पोटावर सरळ राहते. गळाचा वाक स्वतःच बराच भार देतो, तरी दांड्याच्या मध्यभागी, खालच्या अंगाला, तारेचा सेंटिमीटरभर लांबीचा तिपदरी तुकडा दोऱ्याने बांधावा. तार दांड्याभोवती गुंडाळली तर वजन चहूबाजूंनी सारखे होते आणि तिचा उपयोग निम्मा राहतो. शिशाची तार वापरण्याचे कारण नाही. मासे खाणाऱ्यांच्या पाण्यात शिसे टाकणे मला पटत नाही आणि तांब्याने काम होते.

जीभ आता नेढ्याच्या मागे, दांड्याच्या खालून बांधायची आहे. दांडीच्या पृष्ठभागावर कानसने ओरखडे काढावेत, फेव्हिक्विकचा एक थेंब लावावा आणि गोल भाग नेढ्याच्या खाली-पुढे झुकलेला राहील अशा रीतीने घट्ट फेरे मारावेत. समोरून, नेढ्याच्या बाजूने, एक डोळा मिटून पाहावे: गळाचे टोक, दांडा आणि जिभेची मध्यरेषा एका उभ्या रेषेत दिसली पाहिजे. ही तपासणी करताना घाई करू नये, कारण येथे राहिलेला एका अंशाचा तिरकसपणा पाण्यात शंभर पटीने दिसतो. समाधान झाल्यावरच बांधणीवर इपॉक्सीचा पातळ थर द्यावा आणि तो घट्ट होईपर्यंत फ्लाय अधूनमधून फिरवत राहावे. जून-जुलैच्या दमट हवेत इपॉक्सी कित्येकदा चिकटच राहतो. त्या दिवसांत बांधायचे असेल तर दोन्ही भाग काटेकोर समान घ्यावेत आणि फ्लाय दिव्याच्या उबेत सुकवावी.

डोक्यासाठी जुन्या टीव्ही अँटेनाची सुमारे १२ मिलिमीटर व्यासाची नळी घेऊन तिचे तोंड आतून घासून धारदार करावे. ती फोमवर दाबून फिरवली की स्वच्छ गोल खुंटी निघते. खुंटी १४ मिलिमीटर लांब कापावी आणि तिच्यात लांबीच्या दिशेने खाच पाडावी, मात्र मध्यावर नव्हे, तर अशी की दोन-तृतीयांश फोम दांड्याच्या वर राहील. खाचेत फेव्हिक्विक लावून खुंटी दांड्यावर वरून बसवावी आणि पुढचे तोंड पात्याने खाली उतरते कापावे, म्हणजे जिभेवर आदळणाऱ्या पाण्याला वाट मोकळी राहते. डोळे काढायला नेलपॉलिश चालते, पण ती केवळ फोमवर लावावी. जिभेला लागली तर थिनरसारखाच त्रास देते.

बांधून झाली म्हणजे फ्लाय तयार झाली असे नव्हे. मी पहिल्या पाच फ्लाय अत्यंत देखण्या बांधल्या, जीभ अठरा मिलिमीटर रुंद ठेवली आणि थेट खाडीवर नेल्या. पहिल्याच ओढीला फ्लाय भोवऱ्यासारखी गरगर फिरू लागली, लीडरला, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या तंगुसाला, असे पीळ पडले की अर्धा तास उलगडण्यात गेला, आणि तोवर ओहोटी संपली. तेव्हापासून प्रत्येक फ्लाय आधी घराजवळच्या वहाळात तपासतो. पाण्याची मोठी टाकी किंवा उन्हाळ्यात भरलेली विहीरही चालेल. हातभर तंगूस सैल फासाच्या गाठीने नेढ्यात बांधावे आणि फ्लाय चालण्याच्या वेगाने ओढावी. गरगर फिरत असेल तर जीभ दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर तासावी आणि तरीही फिरली तर पोटाला आणखी एक पदर तार द्यावी. फ्लाय एकाच अंगाला पळत असेल तर त्या अंगाला पाण्याचा रोध जास्त आहे, म्हणून त्याच बाजूची कड किंचित उतरावी. सरळ जाते पण थरथरत नाही, असे असेल तर डोके जिभेच्या पुढे आलेले असते किंवा शेपटी दाट असते; कात्रीने दोन्ही विरळ करता येतात. नुसतीच पाणी ढकलते आणि बुडत नाही, असे झाल्यास जीभ फार उभी आहे, ती पकडीने पुढे वाकवावी. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने सुधारली हे कळत नाही. ओढणे थांबवल्यावर फ्लाय तोंड वर करून हळूहळू पृष्ठभागावर आली की ती खाडीवर न्यावी.

खाडीवर ही फ्लाय बांधताना सैल फासाचीच गाठ घालावी. आवळून बसणारी गाठ नेढ्याला जखडते आणि अर्धी वळवळ तेथेच मरते. लीडरचे शेवटचे टोक ३० ते ४० पौंडांच्या तंगुसाचे असावे, कारण जिताड्याच्या कल्ल्यांवरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते आणि बारीक तंगूस ती सहज कापते. हाताने मासा धरतानाही हेच ध्यानात ठेवावे. लाइन बुडत्या टोकाची असेल तर लीडर दीड मीटरच्या आत ठेवावा: लाइन खाली, फ्लाय वर, आणि प्रत्येक ओढीला फ्लाय खाली जाऊन थांबल्यावर मुळांच्या वर उचलली जाते. दोन छोट्या ओढी आणि मग तीनपर्यंत मोजून थांबणे ही माझी चाल आहे. झडप बहुतेक वेळा थांबलेल्या क्षणीच बसते, त्यामुळे त्या वेळी लाइन बोटाखालून सुटलेली नसावी.

फेकीबाबत एक अडचण या फ्लायची खास आहे. पुढच्या फेकीसाठी लाइन उचलू लागलो की जीभ फ्लायला आणखी खाली ओढते, रॉड वाकतो आणि अखेर फ्लाय पाण्यातून सुटून तोंडाच्या दिशेने येते. म्हणून आधी फ्लाय पूर्ण वर येऊ द्यावी, पृष्ठभागावरच रोल कास्ट करून, म्हणजे लाइन मागे न झुलवता पाण्यावरून गोल फिरवून, ती पुढे लोळवावी आणि मगच मागे उचलावी. चष्मा आणि टोपी हवीच. दुपारनंतर कोकणात वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. आपल्या बहुतेक खाड्या पूर्व-पश्चिम वाहतात. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उत्तर काठावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले तर वारा उजवीकडून येऊन गळ अंगावर ढकलतो. दक्षिण काठ धरला की वारा डावीकडून येतो आणि गळ अंगापासून दूर राहतो. एवढ्यासाठी तर पलीकडे जायला सावकाश वळसा घ्यावा लागला तरी घ्यावा.

जागा निवडताना खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीच्या, बंधाऱ्यावरची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, पाहावी. ओहोटीत तिच्यातून पाणी सुटते तेव्हा लहान मासे एका अरुंद धारेत येतात आणि जिताडा त्या धारेच्या कडेला असतो. तांबोशी मासाही तेथे मिळतो. खाजण कोणाच्या तरी मालकीचे असते, तेव्हा आधी विचारावे, आणि कोणाची डोल किंवा दुसरे जाळे लावलेले असेल तर त्याच्या आसपास फेकू नये. एक गळ जाळ्यात रुतला की दुसऱ्याचे दिवसभराचे काम वाढते. मुळांत फ्लाय अडकल्यास तिवराची फांदी तोडून ती सोडवू नये, कांदळवन संरक्षित आहे. तंगूस सावकाश ओढावे आणि नाहीच सुटली तर फ्लायवर पाणी सोडावे.

मोठा जिताडा लागला तर आणखी एक गोष्ट: हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे खाडीतले थोराड जिताडे बहुतेक माद्याच असतात. अशी मादी परत सोडायची तर काटा दाबून सपाट केलेला गळ पकडीने एका झटक्यात सुटतो, मासा पाण्याबाहेर काढण्याचीही गरज पडत नाही. घरी आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात धुवावी, केस विंचरून सावलीत वाळवावी आणि जीभ कशानेही दाबली जाणार नाही अशा उभ्या डब्यात ठेवावी. दाबाखाली राहिलेल्या जिभेचा कोन बदलतो आणि पुढच्या उधाणाला तिला पुन्हा वहाळावर न्यावे लागते.